बेटाला एक फेरी मारा, मग आकडा लिहा



पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला एक प्रश्न नेहमी येतो. "सिनॉप्सिसमध्ये अभ्यासक्षेत्राचा परिचय लिहायचा असतो, ती माहिती कुठून घ्यायची?" प्रश्न साधा वाटतो. दोन-चार ठिकाणी शोधायचं, क्षेत्रफळ, लोकसंख्या, अंतर असे आकडे घ्यायचे, एक परिच्छेद तयार! मीही असंच केलं होतं आणि पहिल्याच बैठकीत तोंडावर आपटले. आज ती गोष्ट सांगते. तिच्यात एक बेट आहे, एक होडी आहे आणि शाळेतलं थोडंसं गणित आहे. गणिताला घाबरू नका, आठवीच्या पलीकडचं काही नाही.

बेट कोणतं?

मी करंजाड्यात राहते. आमच्या घरापासून गाढी नदी जवळच आहे. ती पुढे पनवेलच्या खाडीला मिळते आणि खाडीचं पाणी मुंबई बंदराला. त्या बंदराच्या मधोमध घारापुरी बेट आहे. बहुतेकांना ते एलिफंटा म्हणून माहीत असतं. गेटवेहून तासाभराची बोट, मग लेणी, त्रिमूर्ती, माकडं आणि परत. पण घारापुरी म्हणजे फक्त लेणी नाहीत. रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं ते एक गाव आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तिथे तीन वस्त्या आहेत. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण वस्त्यांना समुद्राखालच्या केबलमधून कायमची वीज मिळायला २०१८ उजाडलं.

मला बेटाभोवतीच्या तिवरांचा, म्हणजे खारफुटीचा अभ्यास करायचा होता. नमुना म्हणून किती चौकोन आखायचे हे ठरवायला बेटाचं क्षेत्रफळ हवं होतं. शोधल्यावर लगेच मिळालं: भरतीच्या वेळी १० चौरस किलोमीटर, ओहोटीच्या वेळी १६. किती छान! भरती-ओहोटीचा वेगवेगळा आकडा दिलाय म्हणजे कुणीतरी काळजीपूर्वक मोजलं असणार, असं मला वाटलं. तोच आकडा पुढे बऱ्याच ठिकाणी दिसला, म्हणून खात्री पटली. त्याच परिच्छेदात मी पुढे लिहिलं, "बेटाची लांबी सुमारे २.४ किलोमीटर असून परीघ सुमारे ७ किलोमीटर आहे." हे आकडेही असेच सगळीकडे मिळतात.

मॅडमनी परिच्छेद वाचला, पेन्सिल घेतली आणि समासात एक वर्तुळ काढलं. म्हणाल्या, "हे सगळे आकडे एकाच बेटाचे आहेत का गं?"

दोरीचं वेटोळं

आता तुम्ही माझ्याबरोबर करून बघा. सात मीटर दोरी घ्या, दोन्ही टोकं बांधा आणि जमिनीवर ठेवा. आता तिच्या आत जास्तीत जास्त जागा कशी मावेल? चौकोन करा, लांबुळका आकार करा, वाकडातिकडा करा. सगळ्यात जास्त जागा मावते ती गोल वर्तुळात. ही गणितात सिद्ध झालेली गोष्ट आहे. सूत्र असं:

क्षेत्रफळ जास्तीत जास्त = परीघ × परीघ ÷ (४ × ३.१४)

आता ७ किलोमीटर परीघ घाला. ७ × ७ = ४९, भागिले १२.५६. उत्तर ३.९ चौरस किलोमीटर. म्हणजे परीघ खरंच ७ असेल, तर बेट कितीही गोल असलं तरी ३.९ च्या वर जाऊच शकत नाही. १० चौरस किलोमीटर व्हायला किमान ११.२ किलोमीटर परीघ लागेल आणि १६ व्हायला किमान १४.२.

लांबीनेही तपासा. बेटाची दोन टोकं जास्तीत जास्त २.४ किलोमीटर लांब असतील, तर बेटाचं क्षेत्रफळ २.४ व्यासाच्या वर्तुळाहून मोठं असू शकत नाही. ते होतं ४.५ चौरस किलोमीटर. पुन्हा १० च्या अर्ध्यालाही पोचत नाही!

माझा परिच्छेद स्वतःशीच भांडत होता आणि मला ते दिसलं नव्हतं. बघा, इथे मला घारापुरीला जावं लागलं नाही, उपग्रहाचं चित्र लागलं नाही, कुठलं सॉफ्टवेअर लागलं नाही. कोणता आकडा बरोबर हे यातून कळत नाही. पण हे सगळे एकत्र बरोबर असू शकत नाहीत, एवढं नक्की कळतं. संशोधनात हे "एवढं नक्की" फार मोलाचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ओहोटीला चिखल उघडा पडतो, म्हणून १६ येत असेल. बरोबर आहे. चिखलाचा बाहेरचा काठ धरला तर परीघही वाढेल, लांबीही वाढेल, आणि मग १६ चं ७ शी भांडण उरणार नाही, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या काठांचे असतील. पण भरतीच्या १० चं काय? तिथे चिखल पाण्याखाली असतो. तो आकडा अडकतोच.

आणि "बऱ्याच ठिकाणी दिसला म्हणून खात्री पटली" ही माझी दुसरी चूक. वीस जणांनी एकाच वहीतून उतरवलं असेल तर ते वीस साक्षीदार होत नाहीत, साक्षीदार एकच. आकडा किती ठिकाणी आहे हे मोजू नका. तो कुणी, केव्हा आणि कशाने मोजला हे शोधा.

मग होडी कुठून आली?

दोरीचा खेळ खऱ्या बेटाला लावायचा तर दोरी कुठून आणायची? होडीचा मार्ग हीच दोरी! फोनमधला जीपीएस चालू करायचा, बेटाला पूर्ण वळसा घालायचा आणि निघालो त्याच जागी परत यायचं. मार्गाची जी लांबी येईल ती सूत्रात घालायची. बेट त्या वेटोळ्याच्या आत आहे, म्हणून बेटाचं क्षेत्रफळ सूत्रातून येणाऱ्या उत्तराहून कमीच असणार. समजा, फेरी ९ किलोमीटरची झाली. ९ × ९ = ८१, भागिले १२.५६, म्हणजे ६.४. बेट ६.४ चौरस किलोमीटरहून लहान आहे हे सिद्ध झालं आणि १० चा आकडा गेला.

यातली गंमत लक्षात आली का? होडी किनाऱ्यापासून लांबून गेली, वाकडीतिकडी गेली, तरी तर्क बिघडत नाही. फेरी लांबली तर वरची मर्यादा सैल होते, पण खोटी होत नाही. शिडाच्या होडीचंच घ्या. ती वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी जाते. त्या बाजूला एक किलोमीटर पुढे सरकायला सुमारे १.४ किलोमीटर चालावं लागतं. त्यामुळे शिडाच्या फेरीचा आकडा इंजिनाच्या होडीपेक्षा मोठा येणार. चूक आहे, पण तिची दिशा आपल्याला माहीत आहे. चुकीची दिशा माहीत असेल तर ढोबळ मोजमापही कामाला येतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत "तुमच्या पद्धतीची मर्यादा काय?" असं विचारलं की उपयोगी पडेल.

उलट, किनाऱ्याची लांबी नकाशावर मोजायला गेलात तर वेगळीच अडचण येते. मोठी पट्टी घेतली तर छोटे कोपरे सुटतात, लहान पट्टी घेतली तर प्रत्येक वळण मोजलं जातं आणि लांबी वाढत जाते. लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या हे लक्षात आलं होतं आणि बेन्वा मँडेलब्रो यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन त्यावर प्रसिद्ध लेख लिहिला. म्हणून "परीघ ७ किलोमीटर" एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या नकाशावर, किती लांबीच्या तुकड्यांनी मोजला, हेही लिहावं लागतं.

निघायचं कधी?

बेटांभोवती शिडाच्या होडीने फिरणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यातले बरेच कॅरिबियन समुद्रातले असतात. निळं पाणी, पांढरं शीड, एकामागून एक बेट. मीही ते बघूनच बेत आखला होता. पण एक फरक ध्यानात घेतला नव्हता. कॅरिबियन बेटांजवळ बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो. तिथला खलाशी मुख्यतः वाऱ्याचा हिशेब करतो, कारण पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे हेच तिथलं मोठं प्रकरण. आपल्याकडे उधाणाला मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. म्हणजे दीड मजला! मोरा बंदरात ओहोटीला गाळामुळे लाँच लागत नाही आणि सेवा काही तास थांबते, ही बातमी उरणकरांना नवीन नाही. इथे आधी पाणी बघायचं, मग वारा. दुसऱ्या प्रदेशातली पद्धत उचलताना तिच्या पोटात कोणतं गृहीतक आहे हे तपासायला हवं. मी तपासलं नाही.

मी निघाले एका हिवाळ्यात. करंजाड्याहून पनवेल, तिथून एसटीने उरण आणि पुढे बोट. बेटावर ओळखीतून एका काकांची छोटी इंजिनाची होडी मिळाली. मी फोनवर वेळापत्रक काढून उभी होते. काका म्हणाले, "ताई, आज तिथी कोणती ते सांगा, मी पाण्याची वेळ सांगतो."

हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ४ × पाऊण = ३ वाजता. अष्टमीला ६ वाजता. दुपारची आणि पहाटेची, दोन्ही भरत्या साधारण त्याच सुमारास. ना इंटरनेट, ना पुस्तक.

आता संशोधक म्हणून दोन चुका टाळा. पहिली, "जुन्या लोकांचं काय घेऊन बसलात" म्हणून हसणं. दुसरी, "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणून हात जोडणं. मघाशी क्षेत्रफळाचं केलं तेच इथे करा. नियमाला स्वतःसमोरच उभं करा.

पौर्णिमा म्हणजे १५. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे १. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात भरती सव्वाअकरावरून पाऊण वाजेपर्यंत गेली, तब्बल दीड तास पुढे! बाकी रोज मात्र नियम ४५ मिनिटंच पुढे नेतो. काहीतरी गळतंय.

काय गळतंय? चंद्राच्या एका फेऱ्यात, म्हणजे अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, ३० तिथी असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ पूर्ण २४ तास सरकते. २४ तास भागिले ३०, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. नियम धरतो ४५. रोज ३ मिनिटं सुटतात, पंधरा तिथींत ४५ मिनिटं साठतात आणि ती सगळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी एकदम भरून निघतात. पाऊणऐवजी चार पंचमांश धरलं तर पौर्णिमेला बरोबर १२ येतात आणि ती उडी नाहीशी होते. पण होडीत उभं राहून चार पंचमांश कोण करणार? पाऊणकी सगळ्यांना तोंडपाठ होती. शुद्ध पक्षात असो की वद्य पक्षात, सुरुवातीच्या तिथींना चूक काही मिनिटांची आणि शेवटी पाऊण तासाची. होडी काढायला तेवढं चालतं. पण मोजमापाच्या प्रबंधाला चालेलच असं नाही. नियम चूक की बरोबर, हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी पुरेसा, असं विचारायला हवं.

हा अभ्यास तुम्ही घरबसल्या करू शकता. एक पंचांग घ्या आणि मुंबईच्या अपोलो बंदरचं एका महिन्याचं भरतीचं वेळापत्रक घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी अशी कोष्टकं छापतो आणि अपोलो बंदरच्या पाण्याच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. वहीत चार रकाने करा: तिथी, पाऊणकीने आलेली वेळ, कोष्टकातली वेळ, फरक. मग फरकाचा रकाना वरून खाली वाचा. फरक तिथीबरोबर वाढत गेला तर ती पद्धतशीर चूक, दुरुस्त करता येते. कधी इकडे, कधी तिकडे असेल तर विखुरलेली चूक, तिचं सरासरी मान सांगावं लागतं. दोन्ही मिसळलेल्या दिसतील, कारण तिथी कधी २४ तासांहून लहान असते, कधी मोठी, आणि भरतीही रोज सारख्याच अंतराने सरकत नाही. पनवेलसारख्या खाडीत आत येईपर्यंत भरतीला आणखी वेळ लागतो, तेही विसरू नका.

माझी फेरी

काकांनी वेळ बरोबर सांगितली होती. उशीर मी केला. वस्तीत गप्पा मारल्या, फोटो काढले, आणि निघेपर्यंत भरती होऊन दोन तास उलटले होते. मला वाटलं, ओहोटी सहा तास चालते, अजून चार तास आहेत की.

इथे आणखी एक ढोबळ नियम शिकून घ्या. पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटरचा उतार असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून दोन मीटर पाणी जातं. मी नेमकी त्याच दोन तासांच्या तोंडावर निघाले होते.

आणि आता परिघाच्या आकड्याचं महत्त्व बघा. काकांची होडी ताशी ८ किलोमीटरने चालली असं धरा. परीघ ७ असेल तर फेरीला तासाच्या आत वेळ लागेल. १६ चौरस किलोमीटर खरं धरलं, तर परीघ निदान १४.२ आणि वेळ पावणेदोन तास. कागदावरचा आकडा चुकला तर फार तर मॅडम रागावतात. पाण्यात चुकला तर होडी चिखलात बसते.

तिवरांच्या बाजूला पोचल्यावर काकांनी इंजिन हळू केलं, बांबू पाण्यात घालून बघितला आणि काही न बोलता होडी वळवली. मी म्हणाले, "अजून थोडं पुढे जाऊ ना, फेरी पूर्ण होईल." ते म्हणाले, "फेरी उद्या पण होईल. इथे बसलो तर रात्रीच्या भरतीशिवाय सुटका नाही."

आलो तसेच परत फिरलो. माझ्याकडे जीपीएसची लांबलचक रेघ होती, पण वेटोळं बंद झालेलं नव्हतं. आणि उघड्या दोरीच्या आत काहीच मावत नाही! सूत्र लावता येईना. रेघ कुठेतरी जोडून देण्याचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. "उरलेला भाग अंदाजे इतका" असं लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण मग माझ्यात आणि कधीकाळी १० चा आकडा लिहून ठेवणाऱ्यात फरक काय राहिला असता? पुढच्या बैठकीत मी लिहून दिलं: फेरी अपूर्ण, कारण उशिरा निघाले. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली.

तुम्ही काय करायचं?

अभ्यासक्षेत्र कोणतंही असो, गाव, तलाव, अभयारण्य किंवा बाजारपेठ, सिनॉप्सिस देण्याआधी एवढं करा.

१. परिचयातले सगळे आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहा. लांबी, परीघ आणि क्षेत्रफळ एकमेकांत बसतात का? लोकसंख्या भागिले घरं, हे उत्तर पटण्यासारखं आहे का?

२. प्रत्येक आकड्यापुढे "कोणत्या काठापर्यंत?" असं विचारा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावाचं क्षेत्रफळ हेक्टरमध्ये मिळतं, पण ते महसुली क्षेत्र असतं. १०० हेक्टर म्हणजे १ चौरस किलोमीटर. उपग्रहाच्या चित्रावर तुम्ही स्वतः बेटाची कड आखू शकता, पण ते चित्र भरतीचं की ओहोटीचं हे आधी बघा.

३. तुमच्या मोजमापातली चूक आकडा वाढवते की कमी करते, हे मोजण्याआधी ठरवा.

४. तिथल्या माणसांचे हिशेब विचारा, लिहून घ्या आणि तपासा. तपासणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

५. अपुरं राहिलं ते अपुरं लिहा.

घारापुरीला स्वतः जायचं असेल तर लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो. गेटवेच्या फेरीबोटी बेटाला वळसा घालत नाहीत, त्यासाठी गावातल्याच होडीवाल्यांना विचारा. शेजारच्या जवाहर द्वीपावर तेलाचा धक्का आहे, तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही, आणि आजूबाजूला मोठ्या जहाजांची ये-जा असते. म्हणून कुठून जायला परवानगी आहे हे आधी समजून घ्या. लाइफ जॅकेट घाला, हातात धरून बसू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर फेरीबोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली होती, ते आठवा.

माझ्या सिनॉप्सिसमधून १० चा आकडा गेला. आता तिथे मी स्वतः आखलेल्या कडेचं क्षेत्रफळ आहे, चित्राची तारीख आणि त्या वेळच्या पाण्याच्या पातळीसह. परिच्छेद आधीपेक्षा लांबला, दिसायला तितका झोकदार राहिला नाही. पण कुणी समासात वर्तुळ काढलं तर आता मला भीती नाही.

फेरी अजून बाकी आहे. या वेळी काकांना आधी तिथी सांगणार आहे आणि गप्पा परत आल्यावर मारणार आहे.